ईएआय: तारांनी समीकरणे मांडणारी कंपनी

गेल्या मे महिन्यात, सोलापुरात पारा ४३ अंशांवर असताना, मी घरच्या टेबलावर एक लहान ॲनालॉग संगणक जुळवला. नवी पेठेतून आणलेल्या ७४१ क्रमांकाच्या काही आयसी, थोडे रेझिस्टर, एक मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्ट देणारा वीजपुरवठा आणि एक जुना ऑसिलोस्कोप एवढेच त्याचे साहित्य होते. त्याला सोडवायला दिलेला प्रश्न प्रत्येक सोलापूरकराच्या जिव्हाळ्याचा होता. दौंडकडून येणारा विसर्ग, कालव्यात आणि नदीत सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन एवढ्या गोष्टी धरल्या, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत उजनी धरणाचा साठा कसा चढत जाईल, एवढेच मला त्या यंत्राकडून पाहायचे होते. मोजमाप मी असे ठरवले: मृतसाठ्याची पातळी म्हणजे शून्य व्होल्ट, ६ टीएमसी उपयुक्त पाणी म्हणजे १ व्होल्ट आणि एक दिवस म्हणजे अर्धा सेकंद. या हिशेबाने धरण १११ टक्के भरले की यंत्रावर ९.९ व्होल्ट दिसायला हवेत, २०२४ च्या उन्हाळ्यासारखा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला की व्होल्टही उणे व्हायला हवेत आणि सबंध पावसाळा साधारण एका मिनिटात उलगडायला हवा.

पहिल्याच चाचणीत, आवक आणि जावक दोन्ही शून्यावर ठेवलेली असताना, यंत्राने एका मिनिटात जवळपास ५ व्होल्ट जमवले. म्हणजे पावसाचा एक थेंबही न पडता माझ्या टेबलावरच्या उजनीत ३० टीएमसी पाणी आले. कारण ठाऊक होते. ७४१ च्या आत शिरणारा अगदी क्षीण प्रवाह, सेकंदागणिक ८० मिलिव्होल्टच्या आसपास, कपॅसिटरवर साचत होता. मी एक लहान पोटेन्शियोमीटर, म्हणजे खुंटीने कमीजास्त होणारा रेझिस्टर, फिरवून तो शून्यावर आणला. परंतु सकाळी आठ वाजता साधलेले शून्य दुपारी दोनच्या उन्हात शून्य राहिले नाही आणि संध्याकाळी पुन्हा वेगळीकडेच सरकले. तंत्रनिकेतनात अनेक वर्षे इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलेल्या माणसाला या सरकण्याचे, म्हणजे ड्रिफ्टचे, आश्चर्य वाटायला नको होते. तरीही एक प्रश्न मात्र त्या दिवसापासून मनातून गेला नाही. माझ्याकडे एवढ्याशा आयसी असताना ही स्थिती आहे, तर तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हांनी भरलेली कपाटे विकून दहा हजारांत एक भाग इतक्या अचूकतेची हमी देणाऱ्या कंपनीने हे साधले तरी कसे असेल?

ती कंपनी म्हणजे इलेक्ट्रॉनिक असोसिएट्स इन्कॉर्पोरेटेड, संक्षेपाने ईएआय. १९६० च्या दशकात ॲनालॉग संगणक बनवणारी ती जगातील सर्वांत मोठी कंपनी होती. तिच्याविषयी मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. जिथे ॲनालॉग यंत्रांचा उल्लेख येतो, तिथेही ‘ती यंत्रे अचूक नव्हती, म्हणून डिजिटल संगणक आले’ एवढ्या एका वाक्यात तो विषय संपवला जातो. हे वाक्य मला चुकीचे वाटते आणि ईएआयचा इतिहास पाहिला की ते का चुकीचे आहे हे स्पष्ट होते.

ॲनालॉग संगणक अंक मोजत नाही. तो एका राशीच्या जागी दुसरी राशी उभी करतो आणि दोन्हींचे वागणे एकाच समीकरणाने बांधतो. ही कल्पना विजेपेक्षा जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७० च्या दशकात भरती-ओहोटीचे भाकीत करणारे कप्प्यांचे आणि दोरीचे यंत्र केले होते आणि १८७९ मध्ये लंडनच्या लेगे कंपनीने एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार तसेच एक यंत्र खास भारतीय बंदरांच्या भरतीची कोष्टके काढण्यासाठी बनवले. मुंबई बंदरात गलबत केव्हा आत घ्यावे हे सांगणारी कोष्टके पितळेची चाके फिरवून काढली जात, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते क्षणभर थांबून विचार करू लागत. पुढे व्हॅनिव्हर बुश यांनी १९३१ मध्ये एमआयटीत डिफरन्शियल ॲनालायझर उभा केला. त्यात फिरत्या काचेच्या तबकडीवर टेकलेले एक चाक संकलनाचे, म्हणजे इंटिग्रेशनचे, काम करी. नवा प्रश्न घालायचा म्हणजे दांडे आणि दातेरी चाके पान्याने सोडवून पुन्हा जोडायची, आणि त्यात कित्येक दिवस जात.

दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम साधण्यासाठी बेल प्रयोगशाळेत विद्युत प्रवर्धकांवर, म्हणजे ॲम्प्लिफायरांवर, चालणारी यंत्रे बनली आणि ती चाके व दांडे मागे पडले. जॉन रॅगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ च्या एका शोधनिबंधात या प्रवर्धकाला ‘ऑपरेशनल ॲम्प्लिफायर’ हे नाव दिले. आज आपण ज्याला ऑप-अँप म्हणतो, तो हाच, आणि माझ्या टेबलावरची ७४१ आयसीही तोच. त्याच्या उलट वाटेवर, म्हणजे फीडबॅकमध्ये, रेझिस्टर ठेवला तर तो बेरीज करतो, आणि कपॅसिटर ठेवला तर संकलन करतो. उजनीच्या भाषेत सांगायचे तर कपॅसिटर हे धरण, त्यात शिरणारा विद्युतप्रवाह म्हणजे दौंडचा विसर्ग आणि कपॅसिटरवर चढलेला व्होल्ट म्हणजे साठा. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की १ टीएमसी पाणी जमते, हे आपण गुणाकार करून काढतो. कपॅसिटर मात्र गुणाकार करत नाही, तो प्रत्यक्ष जमवतोच. विसर्ग मध्येच वाढला, कमी झाला किंवा थांबला, तरी त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. या यंत्राविषयी मला वाटणाऱ्या आदराचे मूळ इथे आहे.

ईएआयची स्थापना १९४५ मध्ये न्यू जर्सी राज्यातील लाँग ब्रँच या समुद्रकाठच्या गावात लॉइड ख्रिश्चनसन आणि आर्थर ॲडमसन यांनी केली. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोरचे फोर्ट मॉनमथ हे ठाणे तिथून जवळच होते आणि कंपनीची सुरुवातीची कामेही रडार आणि संरक्षण यांच्याशी निगडित होती. ॲनालॉग संगणकांच्या निर्मितीकडे ती १९५२ मध्ये वळली. म्हणजे या क्षेत्रात ती पहिली नव्हती. नौदलाच्या प्रोजेक्ट सायक्लोनसाठी रीव्हज कंपनीची रीॲक यंत्रे आधीच चालू होती, बॉस्टनमध्ये जॉर्ज फिलब्रिक यांची कंपनी सुटे प्रवर्धक विकत होती आणि गुडइयर व बेकमन यांचीही यंत्रे बाजारात येत होती. उशिरा येऊन पुढे जायचे, तर काहीतरी एक गोष्ट इतरांपेक्षा निश्चितपणे चांगली करणे भाग होते. ईएआयने अचूकता निवडली आणि ती आपल्या यंत्रांच्या नावातच घातली. त्यांच्या यंत्रमालिकेचे ‘पेस’ हे नाव ‘प्रिसिजन ॲनालॉग कॉम्प्युटिंग इक्विपमेंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे.

या मालिकेतील २३१-आर हे यंत्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि बरीच वर्षे मोठ्या ॲनालॉग यंत्राचे मापच होऊन बसले. व्हॉल्व्हांवर चालणारे, शंभराहून अधिक प्रवर्धक सामावणारे आणि अधिक-उणे १०० व्होल्टच्या पट्ट्यात काम करणारे हे यंत्र होते. १०० व्होल्ट कशासाठी? कारण कितीही काळजी घेतली तरी मंडलात काही मिलिव्होल्टची गडबड राहतेच. १० व्होल्टांत १० मिलिव्होल्ट चुकले तर चूक हजारात एक होते, आणि १०० व्होल्टांत तेवढेच चुकले तर दहा हजारांत एक. त्या निर्णयाची किंमत म्हणून उष्णता, जागा आणि वीज यांचा खर्च वाढला आणि तो ईएआयने जाणूनबुजून स्वीकारला.

माझ्या मे महिन्यातल्या प्रश्नाचे उत्तरही या यंत्रात मिळते. ड्रिफ्टवरचा पहिला उपाय आरसीए कंपनीतील एडविन गोल्डबर्ग यांनी १९४९ मध्ये शोधला होता आणि तो सर्व मोठ्या यंत्रांनी उचलला. थेट (डीसी) प्रवाहाचा प्रवर्धक सरकतो, पण उलटसुलट (एसी) प्रवाहाचा प्रवर्धक सरकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून मुख्य प्रवर्धकाच्या तोंडाशी असलेली सूक्ष्म चूक एका थरथरणाऱ्या संपर्काने, म्हणजे चॉपरने, तुकडे तुकडे करून उलटसुलट बनवायची, ती मोठी करायची, पुन्हा सरळ करायची आणि तिनेच मुख्य प्रवर्धकाला जागेवर आणायचे. दुसरा उपाय तापमानाचा. ज्या रेझिस्टरांवर आणि कपॅसिटरांवर गणिताची अचूकता अवलंबून असते, ते ईएआयने स्थिर तापमानाच्या बंद पेटीत ठेवले. खोलीतील हवा थंड ठेवण्यावर विसंबण्याऐवजी ते भाग खोलीपेक्षा थोडे अधिक, पण सतत एकसारखे गरम ठेवायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला ही युक्ती पटायला वेळ लागत नाही. आपले यंत्र उष्णतेने बिघडत नाही, उष्णतेच्या चढउताराने बिघडते.

यंत्र ठीक आहे की नाही, हे पाहण्याची एक सुंदर रीत होती. दोन इंटिग्रेटर आणि एक चिन्ह बदलणारा प्रवर्धक एकामागोमाग जोडून त्यांचे वर्तुळ पूर्ण केले की एकावर साइन आणि दुसऱ्यावर कोसाइन तरंग मिळतो. हे दोन व्होल्ट आलेखकाच्या दोन अक्षांना दिले की लेखणी कागदावर वर्तुळ काढते. यंत्र निर्दोष असेल तर लेखणी पुनःपुन्हा त्याच रेषेवरून फिरते. कुठे गळती असेल किंवा कलेत, म्हणजे फेजमध्ये, किंचित फरक असेल, तर वर्तुळ आत किंवा बाहेर सरकत सर्पिलाकार होते. याला सर्कल टेस्ट म्हणत. ईएआय स्वतः ‘व्हॅरिप्लॉटर’ नावाचे मोठे आलेखक बनवत असे, त्यामुळे यंत्राने दिलेले उत्तर आणि त्या उत्तराची परीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच घरच्या होत्या.

मात्र माझ्या मते कंपनीच्या यशात अचूकतेइतकाच वाटा पॅच पॅनेलचा आहे. २३१-आरच्या पुढच्या बाजूला शेकडो छिद्रांची एक मोठी पाटी असे. प्रत्येक छिद्र म्हणजे कुठल्यातरी प्रवर्धकाचे, पोटेन्शियोमीटरचे किंवा गुणकाचे एक टोक. रंगीत तारा या छिद्रांत खोचून समीकरण मांडायचे आणि ही पाटी तारांसकट यंत्रातून काढता येई. सोलापुरात यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला हे लगेच समजते. चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. नक्षी बदलायची म्हणजे ती माळ उतरवून दुसरी चढवायची. नवी माळ मागावर बसून कोणी तयार करत नाही. ती बाहेर तयार होते, कारण माग उभा राहिला की मालकाचे नुकसान सुरू होते. ईएआयच्या यंत्राचेही तसेच होते. एका प्रश्नाची पाटी यंत्रात चालू असताना दुसऱ्या प्रश्नाची पाटी बाजूच्या टेबलावर तारांनी भरली जात असे. अर्थात साम्य इथेच संपते. जॅकार्डचे छिद्र फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, म्हणजे ते मूळचे डिजिटल. पॅच पॅनेलवरच्या तारेतून मात्र सतत बदलणारी राशी वाहत असते आणि सगळ्या तारांतून एकाच वेळी वाहत असते. शंभर प्रवर्धक असोत की दहा, उत्तर यायला सारखाच वेळ लागतो, हा या यंत्रांचा खरा वेग होता.

ज्यांना यंत्र विकत घेणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी कंपनीने प्रिन्स्टनला आणि पुढे युरोपात ब्रुसेल्सला गणन केंद्रे चालवली. तिथे यंत्राचा वेळ भाड्याने मिळे आणि प्रश्न मांडून देणारे अभियंतेही. रासायनिक कारखान्यांतील स्तंभ, अणुभट्टीची गतिकी, विमानाचे स्वयंचलित नियंत्रण असे प्रश्न घेऊन लोक येत. विमानांच्या क्षेत्रातले सर्वांत प्रसिद्ध काम एक्स-१५ या रॉकेट-विमानाचे. १९५९ ते १९६८ या काळात त्याची १९९ उड्डाणे झाली. प्रत्येक उड्डाण जेमतेम दहा-बारा मिनिटांचे असे, त्यामुळे हवेत शिकायला वेळच नव्हता. एडवर्ड्स येथील नासाच्या केंद्रात ॲनालॉग यंत्रांना जोडलेल्या नकली कॉकपिटमध्ये वैमानिक तेच उड्डाण तासन्‌तास करत, आणि त्या यंत्रांत ईएआयची पेस यंत्रे होती. वैमानिकाने दांडा हलवला की विमानाची समीकरणे त्याच क्षणी उत्तर देत. त्या काळच्या डिजिटल संगणकाला हे जमण्यासारखे नव्हते.

१९६० च्या सुमारास टीआर-१० हे टेबलावर मावणारे ट्रान्झिस्टरचे यंत्र आले आणि त्यानंतर टीआर-२० व टीआर-४८. ही सगळी १० व्होल्टची. विद्यापीठांत शिकवण्यासाठी ती फार वापरली गेली आणि एका पिढीच्या अभियंत्यांनी विकलन (डिफरन्शियल) समीकरण म्हणजे काय, हे या लहान यंत्रांवर हाताने अनुभवले. १९६० च्या दशकाच्या मध्यात ८८०० हे मोठे यंत्र आले. ते पूर्णपणे ट्रान्झिस्टरांचे होते, तरी त्याने १०० व्होल्टचा पट्टा सोडला नाही. यावरून अचूकतेचा तो आग्रह कंपनीत किती खोल गेला होता हे दिसते.

आता हायब्रिडविषयी. आमच्या भागात हा शब्द ज्वारीला लागतो, आणि दोन वाणांचे गुण एका कणसात आणणे हा त्याचा अर्थ इथेही बराचसा लागू पडतो. गरज क्षेपणास्त्रांनी निर्माण केली. १०,००० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा मार्ग ०.०१ टक्के अचूकतेच्या यंत्रावर काढला, तर चूक १ किलोमीटरची होते. उलट त्याच क्षेपणास्त्राचे सेकंदात अनेकदा होणारे डगमगणे, त्याच्या नियंत्रकाची प्रतिक्रिया, इंधनाचे हिंदकळणे या गोष्टी ॲनालॉग यंत्र सहज पेलत होते आणि डिजिटल यंत्र त्यात गुदमरत होते. म्हणून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ॲटलास क्षेपणास्त्राच्या कामासाठी दोन्ही प्रकारची यंत्रे एकमेकांना जोडण्यात आली. मार्ग डिजिटल यंत्राने काढायचा, शरीराची हालचाल ॲनालॉग यंत्राने. मध्ये व्होल्टचे अंक आणि अंकांचे व्होल्ट करणारे परिवर्तक होते. त्यांपैकी एप्स्को कंपनीच्या परिवर्तकाचे नाव ‘ॲडाव्हर्टर’ होते.

ग्राहक स्वतःच अशी जोडाजोड करू लागल्यावर ती जोडणी घरातच करून विकणे ईएआयला क्रमप्राप्त होते. प्रथम ॲनालॉग यंत्राच्या शेजारी तर्कद्वारे (लॉजिक गेट) आणि गणक बसवून निर्णय घेण्याची थोडी क्षमता दिली गेली, आणि पुढे कंपनीने स्वतःचा ८४०० हा डिजिटल संगणक बनवला. ८८०० आणि ८४०० मिळून ८९०० हे हायब्रिड यंत्र तयार झाले. मध्यम आकाराच्या ६८० या ॲनालॉग यंत्राला ६४० या डिजिटल यंत्राची जोड देऊन ६९० आले. कंपनीच्या इतिहासातील हे सर्वांत धाडसी पाऊल मला वाटते. प्रवर्धक, रेझिस्टर आणि तारा यांत मुरलेल्या माणसांनी स्मृती, आज्ञासंच आणि कंपायलर यांच्या जगात उडी घेतली होती.

जोडणीत अडचणी होत्याच. डिजिटल यंत्र ठरावीक अंतराने व्होल्ट वाचते, हिशेब करते आणि उत्तर परत पाठवते. तेवढ्या वेळात ॲनालॉग बाजू पुढे गेलेली असते. बंद फेऱ्यात एवढासा उशीरही अवमंदन, म्हणजे डोलणे विझवणारा गुण, कमी करतो, आणि प्रत्यक्षात स्थिर असलेले विमान यंत्रावर डोलू लागते. हा दोष विमानाचा नसून जोडणीचा आहे हे ओळखायला अनुभवी माणूस लागे. पुढचा अंदाज बांधून तो उशीर भरून काढण्याच्या गणिती रीती याच कामातून विकसित झाल्या. आज कुठलेही डिजिटल नियंत्रण लिहिणाऱ्या अभियंत्याला त्यांची गरज पडते, पण त्या कुठून आल्या हे सहसा सांगितले जात नाही.

मग ही यंत्रे गेली का? अचूकता हे मुख्य कारण असते तर हायब्रिडने तो प्रश्न सोडवलेलाच होता. बहुतेक अभियांत्रिकी प्रश्नांत दिलेले गुणांक स्वतःच टक्काभर अनिश्चित असतात. उजनीच्या बाष्पीभवनाचा आकडा दहा हजारांत एक इतक्या अचूकतेने कोण सांगू शकेल? माझ्या मते खरे कारण मांडणीला लागणारे श्रम हे होते. ॲनालॉग यंत्रावर प्रश्न घालण्याआधी प्रत्येक राशीची कमाल किंमत अंदाजाने ठरवून तिला व्होल्टांत बसवावे लागते. अंदाज लहान पडला तर प्रवर्धक मर्यादेबाहेर जातो आणि तांबडा दिवा लागतो, मोठा पडला तर उत्तर गोंगाटात हरवते. वेळेचे प्रमाण वेगळे ठरवावे लागते. साधा दोन राशींचा गुणाकार करायलाही वर्ग काढणाऱ्या डायोडांच्या जाळ्यातून बेरजेचा वर्ग वजा वजाबाकीचा वर्ग, भागिले चार, असा वळसा घ्यावा लागतो. त्यानंतर शेकडो तारा खोचायच्या, पोटेन्शियोमीटर लावायचे, आणि एक तार सैल राहिली तर ती शोधण्यात दिवस घालवायचा. याउलट १९६७ मध्ये अनुकरणासाठीच्या, म्हणजे सिम्युलेशनच्या, डिजिटल भाषांचे सीएसएसएल हे प्रमाण तयार झाले. समीकरण जसे आहे तसे टंकित करा आणि छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवा. मिनीकॉम्प्युटर वर्षागणिक स्वस्त होत गेले. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त होता तोवर ॲनालॉगचे चालले. ते गणित उलटले, तेव्हा ॲनालॉग मागे पडले.

हे सगळे लाँग ब्रँचला कळत होते, हे त्यांच्या यंत्रांवरूनच दिसते. आधी काढता येणारी पाटी आली. मग पोटेन्शियोमीटर हाताने न फिरवता मोटरने आणि पुढे डिजिटल आज्ञेने लावण्याची सोय झाली. त्यानंतर डिजिटल बाजूनेच ॲनालॉग बाजूची मांडणी तपासणारे हायट्रान नावाचे सॉफ्टवेअर आले. अखेरीस १९८० च्या दशकात आलेल्या सिमस्टार या यंत्रात तारांची पाटीच नाहीशी झाली. जोडण्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या जाळ्यातून संगणकाच्या आज्ञेने होऊ लागल्या. तीस वर्षे कंपनी एकाच शत्रूशी, मांडणीला लागणाऱ्या वेळेशी, लढत होती, आणि तो शत्रू शेवटी त्यांनी हरवलाही. परंतु तोवर मायक्रोप्रोसेसर येऊन पोहोचला होता. १९९० च्या दशकात ईएआयने स्वतःचे संगणक बनवणे सोडले आणि ती इतर कंपन्यांसाठी सर्किट बोर्ड जोडून देण्याच्या धंद्यात गेली. आपल्याकडे स्वतःचा माल बंद करून दुसऱ्याच्या सुतावर कापड विणून देणाऱ्याला ‘जॉबवर्क करतो’ म्हणतात. एका नामांकित घराने जॉबवर्क धरल्याचे पाहताना जे वाटते, तेच मला हा शेवटचा टप्पा वाचताना वाटले.

भारतात ॲनालॉग गणनाची सुरुवात कलकत्त्यात झाली. १९५३ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्र कुमार मित्र यांनी दहा चलांची रेषीय समीकरणे सोडवणारे यंत्र तयार केले. पुढे देशी बनावटीची लहान शैक्षणिक यंत्रे अनेक महाविद्यालयांत पोहोचली. मी ज्या संस्थेत शिकवत होतो, तिथेही असे एक १० व्होल्टचे यंत्र होते. त्यावर स्प्रिंग, वजन आणि अवमंदक यांचे समीकरण मांडून विद्यार्थ्यांना एकेक पोटेन्शियोमीटर फिरवायला मी सांगत असे. अवमंदनाची खुंटी फिरताच पडद्यावरचा तरंग विझत जाताना पाहिलेला मुलगा ते समीकरण पुन्हा कधी विसरत नसे. आज सॉफ्टवेअरमध्ये तोच आलेख अधिक सुबक निघतो. परंतु आकडा बदलून पुन्हा चालवणे आणि तरंग चालू असताना खुंटी फिरवणे यांत जो फरक आहे, तो मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिला आहे. जर्मनीतील ॲनाब्रिड या कंपनीने अलीकडे पाच इंटिग्रेटरांचे एक लहान यंत्र शिकवण्यासाठी बाजारात आणले आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले, याचे कारणही हेच असावे.

आमचे यंत्र एका वर्षी जुन्या सामानाच्या यादीत गेले आणि भंगारात निघाले. मला ते समजले तेव्हा टेम्पो भरत होता. लोखंडी पेटी आणि वीजपुरवठा गेलेलाच होता, पण पॅच पॅनेल एका बाजूला टेकवलेले होते आणि त्याच्या तारा अजून खोचलेल्या होत्या. ते मी वजनाचे पैसे देऊन घरी आणले. तारांनी भरलेली पाटी वाचता येते. कागद हरवला असला तरी एकेक तार मागोमाग धरून गेले की समीकरण परत मिळते. त्या रात्री मी पेन्सिलने आकृती काढत बसलो. पहिला इंटिग्रेटर दुसऱ्यात जात होता, दुसरा चिन्ह बदलणाऱ्या प्रवर्धकात आणि तिथून तार पुन्हा पहिल्याकडे. अवमंदनाची तार नव्हती, बाहेरचा बल नव्हता आणि दोन इंटिग्रेटरांची टोके आलेखकाच्या दोन अक्षांकडे नेलेली होती. यंत्र शेवटचे वापरणाऱ्याने त्यावर सर्कल टेस्ट लावून ठेवली होती.

ती पाटी आता माझ्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. या उन्हाळ्यात ७४१ काढून कमी प्रवाह घेणाऱ्या आयसी बसवल्या आहेत आणि कपॅसिटर एका थर्मोकोलच्या पेटीत ठेवून आत एक लहानसा तापक लावला आहे. उजनीचे समीकरण मांडण्याआधी मी रोज दुपारी दोन वाजता त्याच जोडणीने वर्तुळ काढतो. परवाचे वर्तुळ अकराव्या फेरीपर्यंत त्याच रेषेवर होते.